चाळीस बायकांचं गाव

"चाळीसच्या चाळीस बायका!" मोजूनं जाहीर केलं.

मोजू म्हणजे हाडं मोजणारा यंत्रमानव. समुद्र गावात शिरू लागला होता, म्हणून आमची जुनी दफनभूमी टेकडीवर हलवायची होती. कोणता सांगाडा बाईचा, कोणता पुरुषाचा, हे त्यानं सांगायचं होतं.

"नुसत्या बायकाच? मग गावात पोरं कुठून आली रे?" मी खो खो हसले.

हाडांची शास्त्रज्ञ असलेली माझी रेजिना मावशी मात्र हसली नाही. "सिल्विया, संध्याकाळपर्यंत हे निस्तरलं नाही, तर अधिकारी मोजूला भंगारात काढणार आहेत."

मोजू मला गणित शिकवायचा, आणि कितीही चुकलं तरी चिडायचा नाही.

मोजूला तपासायला मी पप्पांना ओढत आणलं. मोजूनं त्यांच्यावर आरपार बघणारा डोळा रोखला. "बाई!"

पप्पांनी मिशीवर हात फिरवला. "घरी सांगू नका हं!"

मावशीनं चुटकी वाजवली. "मोजू, तू खुब्याच्या हाडातली खाच मोजतोस. शिकलास कुणाच्या हाडांवर?"

"दूर उत्तरेकडच्या लोकांच्या. बायकांची सरासरी (सगळी मापं मिळवून माणसांच्या संख्येनं भागायचं) सत्तर अंश, पुरुषांची पन्नास. मधली रेघ साठ. तिच्या वर ती बाई."

"आणि पप्पा?" मी विचारलं.

"सहासष्ट."

"तिथली रेघ इथे कशी चालेल?" मावशी म्हणाली. " आधी आपली माणसं मोज. पण दोघाचौघांवर जाऊ नकोस, योगायोगानं फसशील."

मोजूनं शंभर बायका आणि शंभर पुरुष मोजले. बायकांची सरासरी ब्याऐंशी अंश, पुरुषांची अडुसष्ट. खाच इथेही बायकांचीच रुंद, पण फरक वीसचा नाही, चौदाचा. नवी रेघ पंचाहत्तर!

सांगाडे पुन्हा तपासले. एकोणीस बायका, सोळा पुरुष. पाच अगदी रेघेलगत, आणि तिथे बायका-पुरुष दोघांचीही मापं सापडतात.

"ठोकून दे काहीतरी!" मी रडकुंडीला आले होते.

"तू गणितात ठोकून देतेस, तेव्हा मी काय म्हणतो?"

"येत नसेल तर 'येत नाही' असं लिही," मी पुटपुटले. मोजूनं यादीत त्या पाच सांगाड्यांच्या ओळींत लिहिलं, 'सांगता येत नाही.'

संध्याकाळी अधिकारी बाई आल्या. त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"सगळं येतं म्हणणारी यंत्रं ढीगभर आहेत आमच्याकडे. हा राहू दे. पुढच्या गावालाही हाच जाईल, फक्त आधी तिथली माणसं मोजेल."

मी मोजूला घट्ट मिठी मारली. बाईंनी पेन काढलं आणि त्या पाचही ओळींच्या सुरुवातीला एकेक शब्द वाढवला: 'अजून'.