हीटरमधला गार वारा

"आत कोणी पुरुष माणूस नाही का?" असे विचारून नारीन शहराच्या बाजारातली बहुतेक गिऱ्हाइके लोखंडी कंटेनरमधल्या ज्या दुकानाच्या दारातून मागे फिरत, त्याच दारात एका सकाळी भुवयांवरचा बर्फ झटकत एक तरुण उभा राहिला – आणि त्याने तो प्रश्न विचारला नाही. सायकालने मान वर करून पाहिले ते याच कारणाने. त्याचे डोळे हसरे आहेत हे तिला नंतर दिसले... निदान तिचे म्हणणे तसे होते.

"लाल कूलंट द्या."

"लालच का?"

"लाल जोरदार असतं ना!"

सायकालने बिश्केकला रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, आणि वडिलांच्या गुडघ्यांना थंडी सोसेनाशी झाल्यावर त्यांचे गाड्यांच्या ऑइलचे आणि इंजिन थंड राखणाऱ्या कूलंटचे दुकान चालवायला घेतले होते. बाजाराचे रसायनशास्त्र निराळे होते. त्यात लाल कूलंट हिरव्याहून श्रेष्ठ, घट्ट ऑइल पातळाहून मर्दानी, आणि मामांचा शब्द गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेहून प्रमाण मानला जाई. हे सिद्धान्त कोणी तपासले नव्हते. तपासावेसे वाटणे हाच तेथे अडाणीपणा समजला जात असे.

"रंग कारखानदार आपल्या मर्जीनं घालतो," ती म्हणाली. "उद्या जांभळा घालेल. गाडीत आत्ता काय आहे?"

"हिरवं."

"मग लाल मिळणार नाही."

"तुमच्या मागे इतके कॅन दिसतायत की!"

"दिसू देत. समजून घेतल्याशिवाय मी विकत नाही. बसा. – तिकडे नाही, त्या डब्यावर. आधी झाकण लागलंय का बघा."

तो बसला. मेदेर त्याचे नाव. दोलोनच्या घाटापलीकडच्या कोचकोरचा. घाटातून प्रवासी नेण्यासाठी त्याने नुकतीच एक जपानी गाडी घेतली होती.

"प्रत्येकाच्या आत क्षार वेगळे असतात," सायकाल सांगू लागली. "नाही जमलं एकमेकांशी, तर आत जेली धरते. ती नळ्यांत बसते, आणि गाडी ऐन घाटात बसते."

"म्हणजे आतलं जुळायला हवं. वरचा रंग काही का असेना..."

"कूलंटबद्दल बोलताय ना?"

"कूलंटबद्दलच!" तो घाईघाईने म्हणाला. त्याचे कान मात्र त्याच्या आवडत्या कूलंटच्या रंगाचे झाले होते.

मग त्याच्या गाडीला प्रश्नांचा आजार जडला. इंजिनात कोणते ऑइल घालावे?

"पातळ. पुस्तिकेत लिहिलंय तेच. इथल्या थंडीत घट्ट ऑइल म्हणजे थिजलेली चरबी. सकाळी इंजिन कोरडंच फिरत राहतं."

"माझे तायाके म्हणतात, पातळ ऑइल म्हणजे पाणी." तायाके म्हणजे त्याचे मामा, तोक्तोश.

"तायाकेंच्या गाडीचा आवाज ऐकलाय मी. फाटकापासून ऐकू येतो." आणि ती हसली.

पुढच्या खेपेस गिअरबॉक्स, त्यापुढच्या खेपेस ब्रेक. अखेर एकदा त्याने अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारले, "मागच्या दाराच्या बिजागरीला कोणतं ग्रीस लावू?"

"तुमच्या गाडीचं मागचं दार सरकतं."

"हो."

"त्याला बिजागरी नसते."

"...असं होय."

"आता खरं सांगा. काय विचारायला आलात?"

"विचारायला नाही." त्याने टोपी हातात घेऊन उगाच उलटी-सुलटी केली. "त्या ऑइलच्या खेपेला तायाकेंच्या नावानं तुम्ही हसलात ना – ते पुन्हा बघायला आलो."

"ते विकायला नाही."

"फुकट मिळालं होतं की तेव्हा!"

आणि सायकाल, जिने बाजाराला कधी काही फुकट दिले नव्हते, हसली.

हिवाळा भरात असताना ठरले: मेदेरची आई बुरुल अपा येऊन सायकालच्या कानांत कर्णफुले घालणार. ती कानांत गेली की सोयरीक पक्की. या प्रसंगी मुलीने आत बसावे, रस्त्याकडे पाहू नये, असा शहाण्यांचा नियम आहे. वाट पाहण्याचे सगळे काम तिचे. पाहण्याची परवानगी मात्र तिला नाही.

मांस शिजले. कणकेचे बोरसोक तळून त्यांची रास मांडली. सकाळ गेली, दुपार कलली, मांस गार झाले. आत्या कुजबुजू लागल्या. न आलेल्या मुलाचा डाग मुलीच्या नावावर पडतो. गावाच्या या न्यायदानात आजवर चूक झालेली नाही, कारण आरोपी नेहमी घरातच सापडते.

"अंधार पडायच्या आत आले नाहीत, तर दार बंद," वडील शांतपणे म्हणाले. "मग ते नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. वडिलांनी तो घेतला, ऐकला आणि कडवट हसले. "गाडी तापली म्हणे. मन बदललं की सगळ्यांच्याच गाड्या तापतात!"

सायकाल पडद्याआडून उठून बाहेर आली. आत्यांनी एकसाथ श्वास रोखला. तिने वडिलांच्या हातून फोन काढून घेतला.

"मेदेर, हीटरमधून काय येतंय?"

"गार वारा..." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सुई पार वर गेलीय, इंजिनातून वाफा निघतायत, आणि आत नुसता गार वारा! अपाचे पाय गारठलेत. सायकाल, मला काहीच कळत नाहीये..."

सायकाल हसली – सगळ्यांसमोर, मोठ्याने, आनंदाने. हीटरला ऊब मिळते ती इंजिनातल्या गरम कूलंटमधूनच. खोटे बोलणाऱ्याची गाडी तापते तेव्हा सगळीच तापते. तापलेल्या इंजिनातून गार वारा काढण्याइतकी बुद्धी कोणत्याही लबाडाला नसते.

"कूलंटमध्ये काय ओतलंत?"

मेदेर चाचरत म्हणाला, "निघताना... तायाकेंनी... चांगल्या कामाला निघालोय म्हणून, शुभ म्हणून... लाल. थोडंसंच."

सायकालने वडिलांकडे पाहिले. ते अर्धे आयुष्य त्याच कंटेनरमध्ये बसलेले गृहस्थ होते.

"जेली," ते पुटपुटले. "हीटरच्या नळीत." आणि आत्या काही बोलायच्या आत त्यांनी भिंतीवरची टोपी काढली. "गरम पाणी घे, पोरी. भरपूर घे, आणि नवं कूलंटही. गाडी मी चालवतो."

घाटाखाली मेदेरची गाडी वाफाळत उभी होती. तोक्तोश तायाके सगळ्यांकडे पाठ करून डोंगर न्याहाळत होते, जणू तो त्यांनी पूर्वी पाहिलाच नव्हता. इंजिन निवल्यावर सायकालने रेडिएटरची खालची नळी सोडली. तपकिरी, दह्यासारखा गाळ भदाभदा पातेल्यात पडला.

"तायाके, या ना. तुमचं शुभ बघून घ्या."

"लाल चांगलं असतं गं, पोरी..."

"चांगलंच होतं. हिरवंही चांगलंच होतं."

तिने गरम पाणी ओतले, नळी सोडली, पुन्हा ओतले. मेदेर कॅन धरून उभा होता. बुरुल अपा लंगडत गाडीतून खाली उतरल्या आणि बराच वेळ तिचे काळे झालेले हात पाहत राहिल्या.

"मुलीनं असं रस्त्यावर यायचं नसतं."

"हो, अपा."

"बरं झालं आलीस. इकडे वळ." त्यांनी शालीआडून चांदीची कर्णफुले काढली, मुठीत धरली आणि मुठीत ऊब फुंकत राहिल्या, कारण त्या थंडीत उघडी चांदी कातडीला चिकटते. "घरी तुझ्या आत्या मला आधी तासभर टोमणे मारतील. तेवढ्यात तुझं मन बदललं तर मी कुठे जाऊ?"

आणि तिथेच, उघड्या बॉनेटशेजारी, त्यांनी ती सायकालच्या कानांत घातली.

नवे कूलंट भरून झाले. मग मेदेर म्हणाला, "तुला वाटलं होतं, मी येणार नाही?"

त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटले होते.

"वाटलं होतं. फोन हातात येईपर्यंत वाटत होतं."

"मग ऐक. मला तू हवी आहेस. घरी हे बोलायला मिळायचं नाही – तिथे सगळे असतील."

"इथेही सगळेच आहेत."

खरेच होते. वडील, अपा आणि तायाके, तिघेही आता तोच डोंगर कमालीच्या एकाग्रतेने पाहत होते.

"मग?" मेदेरने विचारले.

"मग मोठ्यानं सांग."

त्याने सांगितले – इतक्या मोठ्याने, की घाट उतरणाऱ्या एका मालट्रकने भोंगा वाजवून होकार दिला. सायकालचा होकार त्याहून कितीतरी हळू होता. पण मेदेरला तोच तेवढा ऐकू आला.