निळ्या फाटकाशी थांबणारं इंजिन

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, माझं काही म्हणणं नाही. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत खरंच घडलंय. आणि आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही. भुतांच्या गप्पा निघाल्या की ती "तुम्हाला कामं नाहीत का रे?" म्हणत उठून जाते.

थंडीचे दिवस होते. मंगळवारची संध्याकाळ, नुकते दिवे लागलेले. जागा... पाण्याच्या टाकीमागचा अरुंद रस्ता.

आत्याची लॉन्ड्री आहे. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी आणायच्या, धुवायच्या, इस्त्री करून पोचवायच्या. हा धंदा तिने आणि तिच्या यजमानांनी, म्हणजे माझ्या आतोबांनी, रक्ताचं पाणी करून उभा केला. आतोबा झोपेतच गेले. त्यांची व्हॅन दारात उभी बघवेना, म्हणून तिने ती भंगारात देऊन टाकली. धंद्याची दुसरी, तशीच व्हॅन होती. ती चालवायला शिकली आणि एकटीने गाडा ओढत राहिली.

पुढे त्याही व्हॅनचं इंजिन थकलं. ऑइल प्यायला लागलं, चढावर निळा धूर ओकायला लागलं. गॅरेजवाले मिस्त्री आतोबांचे जिवलग दोस्त. त्यांनी बॉनेट उघडलं आणि मान हलवली.

"वहिनी, ह्यात आता राम राहिला नाही. कारखान्यातून पुन्हा बांधलेलं इंजिन मागवू. ब्लॉक, म्हणजे बाहेरचा सांगाडा, तेवढा जुना, आतलं सगळं कोरं. वॉरंटी पण आहे. आपलं जुनं त्यांना देऊन टाकायचं."

"जुना म्हणजे कुणाचा, भाऊजी?"

"आता ते कोण सांगणार? कुठलंकुठलं भंगार जातं तिकडे."

आत्याच्या समोर इंजिनाची सीलबंद पेटी फोडली. समोरच इंजिन चढवलं. गाडी अशी काही पळायला लागली की आत्या सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली.

त्याच सुमारास टाकीपलीकडच्या एका दवाखान्याचं काम मिळालं. त्या भागातली गिऱ्हाइकं पूर्वी आतोबाच बघायचे. आत्याला तिकडे जायची कधी वेळच आली नव्हती.

त्या मंगळवारी चादरींची गाठोडी घेऊन ती परत येत होती...

एका निळ्या फाटकासमोर गाडी आपोआप मंदावली.

आत्याने ॲक्सिलरेटर दाबला. काही नाही. तिने पाय उचलला... आणि इंजिनाने एकदा जोरात रेस घेतली.

एकदाच. मग बंद.

आत्याच्या अंगावर काटा आला. आतोबांची हीच सवय होती. गाडी बंद करण्याआधी एकदा दणकून रेस द्यायची, मगच किल्ली फिरवायची. त्यावरून तिने जन्मभर त्यांच्याशी कटकट केली होती.

थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. योगायोग असेल, तिने मनाला समजावलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. तीच जागा. तेच फाटक.

वॉरंटी होती, म्हणून कंपनीचा माणूस आला. त्याने गाडी त्याच रस्त्याने दोनदा फिरवून आणली. कुठेही अडली नाही.

"इंजिन ठणठणीत आहे, बाई. चालवताना तुमचाच पाय चुकत असेल."

आत्याचा असा तिळपापड झाला! तिने तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. "भाऊजी, संध्याकाळी येताना गाडी मध्येच बंद पडते आणि हा माणूस मला गाडी चालवायला शिकवतोय."

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, त्या टाकीच्या रस्त्याने जायचंच कशाला? बाहेरून जात चला ना."

आत्याने फोन ठेवला.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

रस्ता कुठला, हे तिने सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी ती मुद्दाम त्याच रस्त्याने गेली. निळं फाटक आलं. गाडी थांबली. या वेळी आत्याने किल्ली काढूनच घेतली आणि मुठीत घट्ट धरली.

सगळं शांत.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं...

आणि पायाखाली इंजिनाने रेस घेतली!

किल्ली मुठीत होती. तिचे दात तळव्यात रुतत होते.

फाटकाआडच्या घराचं दार उघडलं. आत्याच्याच वयाची एक बाई घाईघाईने बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. व्हॅन बघून तिचा चेहरा उजळला. मग सीटवर आत्या दिसली, आणि तो पार उतरला.

"माफ करा," ती पुटपुटली. "आवाज ऐकला... मला वाटलं, हे आले."

"कोण हे?"

बाईने मागे घराकडे पाहिलं. आत्याला पुन्हा विचारायची गरजही उरली नाही. उघड्या दारातून आतली खुंटी दिसत होती. खुंटीवर तपकिरी स्वेटर होता, कोपरावर वेगळ्या लोकरीचं ठिगळ लावलेला. आत्यानेच विणलेला. प्रवासात हरवला म्हणून आतोबा दोन दिवस हळहळले होते. त्यांचं मन राखायला तिने त्यांना दुसरा विणून दिला होता.

आत्या तडक गॅरेजवर गेली.

"तुम्हाला माहीत होतं."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "त्याने शपथ घातली होती, वहिनी."

"माझ्या घरचं जेवताना आठवायची का हो ती शपथ?"

मिस्त्रींची मान खाली गेली.

"आणि हे इंजिन? ह्यांच्याच गाडीचा ब्लॉक आहे ना हा?"

"देवाशपथ, ते मला ठाऊक नाही. पेटी तुमच्यासमोरच फोडली."

आत्या घरी आली. व्हॅन अंगणात लावली, किल्ली काढली आणि तशीच अंधारात सीटवर बसून राहिली.

पार उशिरा तिने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि हळूच हाक मारली, "अहो..."

काही नाही.

ही व्हॅन रोज तिच्या खिडकीखाली उभी राहायची. कधी एकदाही आवाज आला नव्हता. त्या रात्रीही आला नाही. भीतीने नाही, या एका गोष्टीने आत्या ढसाढसा रडली.

सकाळी तिने मिस्त्रींना सांगितलं, "काढा ते."

"वॉरंटीत बदलून घ्यायला दोष दाखवावा लागतो, वहिनी. काय सांगू?"

"सांगा, माझं घर ओळखत नाही."

मिस्त्रींनी काय सांगितलं कोण जाणे, पण इंजिन बदलून मिळालं. नवं कुठेच थांबत नाही. इथे हे संपायला हवं होतं.

पण एक दिवस ती बाई लॉन्ड्रीत आली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"ताई, तुमची गाडी अजून त्या रस्त्याने येते का?"

"नाही. बाहेरून जाते."

"मग रोज संध्याकाळी फाटकाशी कोण येतं?... आवाज येतो. एकदाच. बाहेर जाऊन बघते, तर रस्ता रिकामा. मला आता घरात थांबवत नाही."

आत्याने इस्त्री बाजूला ठेवली. तिच्या मनात काय आलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती म्हणाली, "चल. मी येते तुझ्यासोबत."

ती गेली. त्या घरात, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. दिवे लागले... वेळ टळून गेली.

आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशीही ती गेली. आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी आत्याला ताप भरला आणि ती गेली नाही. त्या संध्याकाळी फाटकाशी रेस ऐकू आली. नेहमीसारखी.

त्यानंतर तिने बरेचदा करून पाहिलं. पायी गेली. मागच्या दाराने गेली. न सांगता गेली. आत दिवाही न लावता बसून राहिली.

ती असली की येत नाही.

ती नसली की येतो.

हे सांगताना आत्या माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. किल्ली नाही, गाडी नाही, इंजिनही कधीच परत गेलेलं. मग त्या रिकाम्या रस्त्यावर उभं राहून, आत आत्या बसली आहे की नाही हे रोज आधी बघून घेतं... ते कोण?