लांब पायाचा पाच

"तां तूच कोरलंस, आते! मी चाय पियाक गेलंय तितक्यात सुई फिरवलंस!"

"मेल्या, घड्याळाच्या बाबतीत किशोरी खोटा बोलता? परत बोल बघू!"

"बोलतंय! अक्षर कोणाचा? तुझा. पाचाचो पाय असो लांब कोण काढता? तूच. माका दर्यात जावक देवचा नाय, म्हणान केलंस ह्या सगळा!"

मालवणच्या बाजारात, किशोरीआतेच्या दुकानात, मे महिन्याच्या भर दुपारी हे चाललं होतं. वीज गेलेली, पंखा गप्प. भिंतीवरची अकरा घड्याळं आपापल्या चालीनं टकटकत होती. आतेसमोर निळ्या फडक्यावर चांदीचं एक खिशातलं घड्याळ उघडं पडलं होतं. त्याची चाल मात्र निराळी होती. संथ, ओली. माठाच्या बुडातून थेंब सुटावा तशी.

आतेचं वय बाहत्तर, शिक्षण चौथी नापास, आणि जुनं घड्याळ पारखायचं तर सावंतवाडीपासून पणजीपर्यंत तिचा शब्द शेवटचा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. बाईला कोण शिकवतो? बंद घड्याळं उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून ती शिकली, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

जितेंद्र तिचा भाचा. तारकर्लीला पर्यटकांना बुड्या मारायला नेतो. काल चाळीस फूट पाण्यात, खडकाच्या फटीत त्याला हे घड्याळ मिळालं. मुंबईचा एक शौकीन तारकर्लीला उतरला होता. घड्याळ दुर्मीळ असल्याची आतेची चिठी मिळाली की तो मागितलेली किंमत मोजणार होता, आणि जितेंद्रची स्वतःची बोट होणार होती. "मूळची साखळी आसती तर मोल दुप्पट," असं आतेनंच सकाळी फोनवर सांगितलं होतं. साखळी त्याच फटीत असणार. परवापासून पावसाळ्यासाठी बुड्या बंद, म्हणून साखळी काढायला जायचं ते उद्याच. पंचवीस तारखेला.

तो चहाला गेल्यावर आतेनं डोळ्याला भिंग लावलं होतं. तबकडी पांढऱ्या मिन्याची, केसाएवढीही भेग नाही. काटे मूळचे. झाकणावरचा आकडा आणि यंत्रावरचा आकडा एकच. शंभरात एखादं मिळतं असं. तिचा जीव सुखावला, आणि मग तिच्या लक्षात आलं. समुद्राच्या तळातून आलेल्या घड्याळाचं पोलाद गंजून लाल भुगा व्हायला हवं. इथं एकेक स्क्रू लखलखत होता. चाकांना तेल होतं, ताजं, कालपरवाचं. आणि त्या तेलामागून कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता.

तिनं मागचं झाकण भिंगाखाली धरलं. दुरुस्ती झाली की घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं खूण कोरतो. गिऱ्हाइकाला ती दिसतही नाही. आते मालकाचं पहिलं अक्षर कोरते आणि घड्याळ परत दिल्याची तारीख.

पहिली ओळ 'प'ची. परशुराम. तिचा भाऊ, जितेंद्रचा बाप. काळ्या पडलेल्या चांदीत तिनं घड्याळ ओळखलं नव्हतं, ही ओळ मात्र ओळखली. एकतीस वर्षांपूर्वी तिनंच कोरलेली. त्या दिवशी घड्याळ हातात घेऊन भाई म्हणाला होता, "तूच ठेव गो. तुका आवाडता." आणि ती ताठ. "माका फुकटचा नको." तिनं ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबलं. त्याच संध्याकाळी त्याची लाँच देवबागच्या खाडीमुखाशी उलटली. ना भाई सापडला, ना घड्याळ.

त्याखालच्या ओळी तिनं कोरल्या नव्हत्या. अक्षर मात्र तिचं होतं, पाचाचा लांब पायही तिचा. 'ल'. देवबागचा लवू बुडाला ती तारीख. 'शि'. जितेंद्रचा जोडीदार शिवा, याच होळीला गेलेला. आणि सगळ्यांत खाली 'जि'. तो ओरखडा अजून चकाकत होता, कडेला चांदीची भुकटीसुद्धा तशीच होती. तारीख उद्याची.

"लवूची तारीख सगळ्या गावाक ठावक," जितेंद्र म्हणत होता. "शिवाची तर तुका मीच सांगितलंय."

"शिवाक तूच वर काढलंस ना? तेच्या हातात काय होता?"

जितेंद्रचा आवाज एकदम उतरला. "काय नाय..."

"खरा सांग."

"मूठ मिटलेली होती... घट्ट. मी एकेक बोट उघडलंय, आते. आत काय्येक नव्हता. पण तळहातावर गोल वळ होतो... रुपयापेक्षा मोठो."

अकरा घड्याळांमधून ती ओली चाल तेवढी स्पष्ट ऐकू येऊ लागली. मग जितेंद्रनं मान झटकली, जशी तरुण माणसं भीती झटकतात.

"आणि तू म्हणतंस तसा बापाशीचा आसा तर माझाच झाला! चिठी लिही नायतर नको लिहू. मी घड्याळ इकतलंय. उद्या साखळी काढूक जातलंय म्हणजे जातलंय." त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि पाठ फिरवून शौकिनाचा नंबर लावला.

आते 'मेल्या' म्हणणार होती. रोज शंभरदा म्हणायची. आज शब्द जिभेवर आला आणि तिनं तो गिळला.

तिनं पॉलिशचा कागद घेतला आणि 'जि' घासायला लागली. चांदी मऊ असते. अक्षर पुसट झालं, तारीख गेली. आता त्या जागी 'कि' कोरायचं, घड्याळ आपल्या नावावर घ्यायचं आणि हा दर्या कोणाला मागतो ते बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. भ्यायची सवय तिला नव्हती. तिनं सुई उचलली, भिंग डोळ्याला लावलं.

सुई तिथंच थांबली.

पलीकडे फोन उचलला गेला असावा. "हॅलो, साहेब, घड्याळ ओरिजिनल आहे," जितेंद्र शहरी मराठीत म्हणाला आणि हात मागे पसरला. "आते, दे हकडे."

आतेनं झाकण मिटलं. टक् आवाज झाला. भिंतीवरची अकराच्या अकरा घड्याळं गप्प झाली होती, कधी ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती ओली चाल तेवढी तिच्या मुठीत चालू होती. जितेंद्र वळला. आतेचा चेहरा बघून त्यानं फोन कानापासून खाली घेतला.

"काय झाला?"

तिनं मूठ उघडली नाही.

"तुझा नाव मिया पुसलंय, जितू... तेच्या खाली माझा आधीच कोरलेला आसा, आणि तारीख तुझो बापूस माझ्या जाग्यार गेलो, ती."