कुमुदताईंची पहिली रजा

"कुमुद चौगुले, चार दिवस सक्तीची रजा," फाटकावरचे हजेरीयंत्र भर सकाळी ओरडले. कुमुदताई चमकल्या आणि तरातरा थेट ओतशाळेत शिरल्या.

यंत्राला ही बातमी चाहूलपट्टी पुरवते. दंडावर चिकटवायची ही नखाएवढी पट्टी घामातली रसायने वाचून संधिवाताचा झटका दोन दिवस आधी ओळखते. वेळीच औषध आणि विसावा मिळाला की सांधे वाचतात. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कामगाराला त्याच्या नावावर नोंदवलेली अशी एक पट्टी मिळते.

कुमुदताईंना मात्र रजा म्हणजे नामुष्की. बावीस वर्षांत दुखण्यापायी एक दिवस बुडवला नव्हता. बोटे वाकडी झाली, तरी त्यांच्या वाळूच्या साच्यात खोट निघत नसे, आणि हे त्या चारचौघांत ठणकावून सांगत. त्यातून इथला रिवाज असा, की ज्याने साचा घडवला त्यानेच पहिल्या ओतणीला, म्हणजे त्यात वितळलेला धातू पहिल्यांदा ओतताना, नारळ फोडायचा. आज त्यांच्या सर्वांत मोठ्या साच्याची पाळी होती.

"ताई, घरी जावा," फोरमन पाटोळे म्हणाले. "पट्टी खोटं बोलत न्हाई."

"बिघडलीय ती!" कुमुदताईंनी बाही वर केली. दंड मोकळा होता. "रजा नको म्हणून कालच काढून रेहानाला लावली. तिला कसलं दुखणं? चोवीस वर्षांची पोर..."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या रेहानाने हात ओढणीत लपवले होते.

"सकाळी मूठ वळत न्हाई, मावशी. दोन महिने झालं. पण तुमी तरी कवा रजा घेतली?"

कुमुदताईंना गलबलून आले. पोरीने त्यांच्याकडून साचा घडवायला शिकावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती दुखणे गिळायलाही शिकली होती. त्यांनी पट्टी काढून सगळ्यांदेखत आपल्या दंडावर चिकटवली. घटकाभरात यंत्र पुन्हा तेच ओरडले.

"पहिली रजा रेहानाच्या नावावर टाका, दुसरी माझ्या," त्या म्हणाल्या.

"अन् ओतणी?"

"थांबू दे. साचा वाळूचा हाय, मी परत घडवीन. हिची बोटं कोण घडवणार?"

रेहानाचा हात धरून त्या भर कामाच्या वेळी फाटकाकडे निघाल्या. कामगार बाजूला सरून वाट देत होते. उत्तम कारागिराचे बक्षीस घ्यायलाही त्या इतक्या ताठ मानेने गेल्या नव्हत्या.

बाहेर आल्यावर रेहानाने हळूच विचारले, "मावशी, दवाखाना झाल्यावर रजेत करायचं काय असतंय?"

कुमुदताई थबकल्या. खरंच, काय करायचं असतं?