तीन नंबरची थंडी

माधवनगरच्या शीतगृहातून फोन आला, तेव्हा जोतीराम आपण सकाळचा चहा घेतला की नाही हे आठवत बसला होता. कप रिकामा होता. म्हणजे घेतला असावा.

"सुभेदार, लगेच या," मॅनेजर वीरधवल म्हणाला. "सर्व्हरातली मशीन गेली."

"चोरीला?"

"न्हाई वं. डबा हाय जाग्यावर. आतली मशीन गेली."

जोतीराम फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, आता विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचा. याच शीतगृहाच्या तीन नंबरच्या चेंबरमधला बेदाणा काळा पडला होता. मालकाचं म्हणणं, कॉम्प्रेसर अचानक बंद पडला. भरपाईचा दावा जोतीरामच्याच टेबलावर होता. चेंबर कधी किती गार होतं, याची नोंद त्या गेलेल्या मशीनमध्ये होती.

त्याला नवल वाटलं नाही. श्रावणात त्याची बायको शालूबाई गेली, तेव्हापासून त्याला कशाचंच नवल वाटत नव्हतं. तिचा जुना फोन तेवढा तो खिशात घालून फिरायचा. बंद पडलेला.

उंब्रजहून तो दुपारी पोचला. फाटकाबाहेर बेदाण्याचे शेतकरी उभे होते. कुणी ओरडत नव्हतं. ओरडून झालं असावं.

मालक पृथ्वीराज ऑफिसच्या दारात चपला काढत होते. आत जाताना त्यांनी वजनकाट्याला हात लावून तो कपाळाला लावला. माणूस देवभोळा, कपडे परीटघडीचे, आवाज मऊ. जोतीरामला माणसांचा जमाखर्च मांडायची सवय होती. त्यानं हे सगळं जमेच्या बाजूला टाकलं, पेन्सिलीनं.

त्यानं टोपी खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवायला हात नेला. तिथं एक फुगलेली कापडी पिशवी होती.

"त्यावर नको सुभेदार," मालक चटकन म्हणाले. "निर्माल्य हाय. दसऱ्याच्या माळा. सोमवारी कृष्णेत सोडायच्यात. पूजेतलं काय कचऱ्यात टाकत न्हाई आमी."

"खंडेनवमीची पूजा तुम्हीच केलीत?"

"इथली वीरधवलनं. मी रहिमतपूरला होतो. नवी शाखा काढली न्हवं. तिथं सगळं कोरं करकरीत, सर्व्हर बी. हितला म्हातारा झालाय." मालकांनी उसासा सोडला. "पोरीला ठेवू नये म्हणतोय. कॉम्प्युटर बघती त्या अर्फाला. तिनं बॅकअप नीट घेतला असता तर ही वेळ आली नसती. पोलिसात द्यायला लागंल."

"वीरधवल काय म्हणतात?"

"मी काय म्हणणार?" वीरधवल दाराशी उभा होता. "कॉम्प्युटर तिच्या हातात, डिस्क तिच्या हातात. आता अडलं की तोंड बारीक. सकाळी डिस्क चालंना म्हटल्यावर मी पाकिटात घालून सील लावलं, सगळ्यांसमोर. उगं कुणी म्हणायला नको."

जोतीरामनं सील तोडून पाहिलं. डिस्क काळी, चकचकीत, दुकानातून आणल्यासारखी स्वच्छ.

अर्फा सर्व्हरच्या खोलीत बसली होती. तिचे वडील जैनुद्दीन टेंपो चालवायचे. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तेही बंद. घर तिच्यावर. पोलिसात नाव गेलं, तर सांगलीत दुसरीकडं तिला कोण उभं करणार? तिनं हे सांगितलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं. ती मात्र विचारलं तेवढंच बोलत होती, आणि तेही स्क्रीनकडं बघत.

"आतली मशीन म्हणजे काय, पोरी?"

"डब्यात डबा असतो बघा काका. हा लोखंडी सर्व्हर, त्याच्या आत सॉफ्टवेअरची केलेली दुसरी मशीन. व्हर्च्युअल म्हणतात. थंडीची नोंद ती ठेवायची. कुणीतरी पुसली."

"बॅकअप?"

"मशीनचा पण घेते, फाइलींचा पण. एकाच डिस्कवर. घेतला की डिस्क कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडं, वीरधवल सरांकडं, मालकांकडं."

"सकाळी लावलीस डिस्क, तर काय आलं?"

"ही प्रत नव्या आवृत्तीनं घेतली आहे, या सर्व्हरवर चालत नाही, असं आलं. पुन्हा पुन्हा लावली. तेच." ती थांबली. "सगळे म्हणतात मी बिघडवली. बिघडवली असेल."

हे शेवटचं वाक्य ती इतक्या सपाट आवाजात बोलली, की जोतीरामला आपलाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

सर्व्हरवर सुकलेलं झेंडूचं फूल होतं, आणि हळदीकुंकवाचा ठसा.

"पूजेला काय काय ठेवलं होतं?"

"सगळंच. तानुमावशीनं. बेदाणा निवडायला असतात त्या. काटा, पंखे, सर्व्हर. मला म्हणाल्या, कपाटातलं बी काढ की गं पोरी, त्येनं काय पाप केलंय? मी दिलं काढून. वीरधवल सरांनीच आरती केली." ती पहिल्यांदा किंचित हसली. "मलाच ताट धरायला लावलं."

जोतीराम अंगणात आला आणि साताऱ्याला शंभूराजला फोन लावला. बॅकअपचं सॉफ्टवेअर त्यानंच विकलेलं.

"शंभूराज, माधवनगरला नवी आवृत्ती टाकलीस का रं?"

"न्हाई सुभेदार. टाकूनच देत न्हाई ते. कुठली आवृत्ती कुठल्या सर्व्हरवर चालते त्याची यादी असती कंपनीची, त्यात माधवनगरचा डबा बसतच न्हाई. तितं जुनीच ठेवलीय. नवी रहिमतपूरला."

"रहिमतपूरला बॅकअप कोण घेतं?"

"अजून माणूस ठेवला न्हाई. मालकच. मी शिकवलंय, एक बटण दाबायचं. त्यांना वाटतं सगळे कॉम्प्युटर सारखेच. सगळ्यांनाच वाटतं तसं."

जोतीरामनं फोन ठेवला. महिन्यामागं सांगलीच्या दुकानात त्यानं शालूबाईच्या फोनमधलं सगळं नव्या फोनवर चढवायला दिलं होतं. दुकानदारानं मान हलवली होती. जुन्याचं नव्यात बसत नाही, काका. तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आता वाटलं, ते मान हलवणं कामाला आलं.

दुसऱ्या दिवशी तो डिस्क घेऊन रहिमतपूरला गेला. शंभूराजला तिथंच बोलावलं. संध्याकाळी माधवनगरला परत आला तेव्हा सगळ्यांना ऑफिसात बसवलं. अर्फा दाराजवळ उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मालक," जोतीराम म्हणाला, "ही डिस्क या घरची न्हाई."

"म्हणजे?"

"सगळे म्हणत होते, डिस्क खराब. ती खराब न्हाई. रहिमतपूरला लावली, लगेच उघडली. आत रहिमतपूरचीच मशीन हाय. आता मला सांगा, ज्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढतच न्हाई, त्या सर्व्हरनं नव्या आवृत्तीची प्रत काढली कशी? अर्फानं इथं बसून कितीही घोळ घातला असता, तरी असली डिस्क तिच्या हातून तयार झाली नसती."

वीरधवलनं मान वर केली. "मग कुणी बदलली?"

"किल्ल्या तिघांकडं. अर्फानं बदलली असती, तर हा सर्व्हर काय खातो न काय खात न्हाई हे तिला रोजचं ठाऊक. तिनं ही चूक केली नसती. राहिले तुम्ही दोघं." तो वीरधवलकडं वळला. "तुमचं नाव मी कालच लिहिलं होतं. लय तावातावानं बोलत होता. पण खंडेनवमीला कपाटातल्या डिस्कला तानुबाईनं कुंकू लावलं, तवा आरती तुमच्या हातात होती. या डिस्कवर कुंकवाचा डागबी न्हाई. दुसरी डिस्क ठेवताना तुमी बोटभर कुंकू लावलं असतं. बदलणाऱ्याला कुंकवाचं ठाऊकच नव्हतं. तो त्या दिवशी इथं नव्हता."

पृथ्वीराजांनी सदऱ्याची घडी नीट केली.

"रिकामी डिस्क ठेवली असती, तर पोर म्हणाली असती कुणीतरी पुसली," जोतीराम पुढं म्हणाला. "भरलेली पण न उघडणारी ठेवली, की दोष तिच्या हाताला. डोकं चांगलं चाललं मालक. पण कॉम्प्युटर सगळे सारखे नसतात."

"हे सगळं तुमचं अनुमान हाय," पृथ्वीराज म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "खरी डिस्क दाखवा."

"दाखवतो. तुमी ती अंधारात काढली. कुंकू दिसलं नंतर, उजेडात. तोवर वीरधवलनं पाकीट सील केलेलं, बदललेल्या डिस्कला कुंकू लावायला वाट उरली न्हाई. फोडून टाकायची, तर पूजेतली वस्तू. कचऱ्यात टाकायची, तर तुमच्यानं होत न्हाई. हे तुमीच मला सांगितलंत." तो उठला आणि खिळ्यावरची पिशवी काढली. "सोमवार उद्या."

माळा टेबलावर ओतल्या. सुकलेल्या पाकळ्यांत डिस्क होती. हळद, त्यावर कुंकू. तानुबाईचं बोट जसंच्या तसं उठलेलं.

पृथ्वीराजांनी ती उचलली नाही. हातही लावला नाही.

"काल मी स्क्रीनच बघत बसले," अर्फा हळूच म्हणाली. "डिस्ककडं बघितलंच नाही."

ती डिस्क घेऊन आत गेली. म्हाताऱ्या सर्व्हरनं ती ओळखीच्या माणसासारखी आत घेतली. मशीन उभी राहिली. तीन नंबरच्या तापमानाची रेघ रोज संध्याकाळी वर चढत होती आणि सकाळी खाली उतरत होती. कॉम्प्रेसर अचानक बंद पडला नव्हता. तो रोज रात्री कुणीतरी बंद करत होतं.

"लाइटबिल," वीरधवल पुटपुटला. "मला म्हणाले होते, बिल कमी आणतो. मी म्हटलं, सौर बसवत असतील."

"पोरीचं नाव नगं घालायला होतं," पृथ्वीराज कुणाकडंही न बघता म्हणाले. "पण घालायला दुसरं कोण होतं?"

पोलीस येईपर्यंत फाटकावरची माणसं आत आली होती. एकानं काळ्या बेदाण्याची मूठ टेबलावर, माळांच्या शेजारी ठेवली.

जोतीरामनं जमेच्या बाजूचं मालकांचं नाव खोडलं. पेन्सिल असल्यानं सोपं गेलं. टोपी घालून तो निघाला, आणि सर्व्हरच्या खोलीच्या दारात थांबला. खिशातला फोन काढून अर्फासमोर धरला.

"याच्यातलं नव्या फोनात चढत न्हाई म्हणतात. बायकोचं बोलणं हाय आत. भाजी आणा, उशीर का झाला, असलंच."

अर्फानं फोन उलटा करून पाहिला. "नव्यात कशाला चढवायचं, काका? यालाच जगवू. बॅटरी बदलून बघते."

"कधी मिळंल?"

"उद्या या."

जोतीराम मान हलवून बाहेर पडला. बसथांब्यावर त्यानं चहा मागवला. गरम होता. जीभ भाजली.