रेमी खोलीत आला की

कॅनडातल्या थंडर बेच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर तो बर्फावरून घसरला आणि सरळ माझ्या अंगावर आला.

“माफ करा... तुमची कॉफी—”

“माझ्या कोटाला पाजलीत.”

तो हसला. राग यायला हवा होता. आला नाही, त्याचाच राग आला. त्यात कळलं, हाच तो टोरंटोच्या कंपनीचा रेमी बोशां, आमचे सर्व्हर तपासायला आलेला.

वाचनालयाचा स्वतःचा क्लाउड मी उभा केला होता. तळघरात एक दणकट सर्व्हर, त्यावर अकरा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्या एकाच्याच पोटात चालणारे अकरा आभासी संगणक. शुक्रवारी दोनला वाचनालयाचं मंडळ ठरवणार होतं, तो इथेच ठेवायचा की टोरंटोला देऊन मला नारळ द्यायचा.

आणि नेमकं रेमी आला त्या बुधवारपासूनच त्यातलं पुस्तकांच्या यादीचं मशीन मध्येच नेटवर्कवरून गायब व्हायला लागलं. केबल बदलली, फायरवॉल तपासली, सर्व्हरची सगळी जोडणी उलथीपालथी केली. मशीन चालू, पण हाकेला ओ नाही. रेमी समोर बसून अहवाल लिहायचा. मी बघितलं की झटकन स्क्रीनकडे वळायचा.

शुक्रवारी अकराला तो खायला आणायला गेला आणि मशीन जागं झालं. परत येऊन त्यानं लॅपटॉप उघडला... गायब.

“बाहेर जा,” मी म्हटलं.

“इतका वाईट दिसतो?”

“दिसण्याचं नंतर बघू. लॅपटॉप बंद करा आणि जा.”

तो गेला, मशीन आलं. तो आला, लॅपटॉप उघडला, मशीन गेलं.

“तुम्ही आलात की माझं मशीन मान टाकतं.”

“एवढा परिणाम... फक्त मशीनवरच?”

माझे कान तापले. “लॅपटॉपवरून काय चालवताय?”

“चाचणी. बुधवारी तुमच्या या मशीनची कॉपी केली ना, तिच्यावर.”

“नेटवर्क कार्डचा पत्ता बदललात?”

त्यानं जीभ चावली. “घाईत... जुनाच राहिला.”

म्हणजे एका पत्त्यावर दोन मशीन! त्याची कॉपी बोलायला लागली की माझं सगळं टपाल तिच्याकडे. मी कॉपीला नवा पत्ता दिला. यादी आली. दहा वेळा तपासलं, हलली नाही.

दोन वाजता अध्यक्षबाईंनी विचारलं, “यादी गायब होत होती, ती चूक कुणाची?” तो गप्प बसला असता तर कंत्राट त्याच्या कंपनीचंच होतं.

“माझी,” रेमी म्हणाला. “आणि शोधली हेल्मीनं. मी तीन दिवस तिच्या कामात खोट शोधली, सापडली नाही. क्लाउड इथेच ठेवा.”

मंडळाचे सातही हात वर गेले. मला नाचावंसं वाटत होतं.

“कंपनी तुम्हाला फाडून खाईल,” बाहेर आल्यावर मी म्हटलं.

“सोमवारी. पण आता आपण एका कामावर नाही, तर सांगता येईल...” तो अडखळला. “तू मला आवडतेस, हेल्मी. फार. आणि संध्याकाळी माझं विमान आहे.”

मलाही तो आवडला होता, आणि आज मी विमानालाही हार जाणार नव्हते.

“तिकीट दाखव.”

त्यानं फोन पुढे केला. मी माझ्याच बोटानं ते रद्द केलं.