दवाखान्यातला मुका कॉम्प्युटर

"कुणीतरी मुद्दाम केलंय हे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला नाव हवंय."

घारूताई खाजगी तपासाची कामं घेत. डोळे घारे म्हणून पडलेलं हे नाव. सोबतीला त्यांचे जावई असत. सासूबाईंची पिशवी उचलायची आणि भलताच निष्कर्ष काढायचा, ही दोन्ही कामं ते मन लावून करत.

काउंटरवर तो कॉम्प्युटर होता. वेगळा डबा नाही, सगळं यंत्र पडद्याच्याच पाठीत बसवलेलं. सगळ्या पेशंटांचे एक्स-रे त्यात अडकलेले, आणि पेशंट गाल धरून बाकांवर बसलेले.

"दाबा बटण, जावईबापू."

बारीकसा दिवा लागला, आतला पंखा घुर्रर् करून फिरला आणि पुन्हा सगळं थंड.

"खलास," जावईबापूंनी निकाल दिला.

घारूताईंनी पडद्याच्या पाठीशी नाक नेलं. जळका वास नव्हता. जाळीवरून बोट फिरवलं, ती कोरडी होती. मग गुडघे टेकून त्या काउंटरखाली डोकावल्या. साबणाच्या वडीएवढा चार्जर सॉकेटला लावलेला होता. त्याचा दिवाही जळत होता.

"संशय कुणावर?" उठत त्यांनी विचारलं.

"आधी अक्कांवर. काउंटर त्याच सांभाळतात. काल त्यांच्या हातून इथे चहा सांडला. सकाळी मी त्यांना बोललेसुद्धा."

"काय बोललात?"

डॉक्टरीणबाईंनी बाकांकडे पाहून आवाज उतरवला. "इतकी वर्षं खुर्ची उबवताय, अक्कल कधी येणार, असं. सगळ्यांसमोर. घरी जा म्हटलं. नंतर वाटलं, भाऊही असेल. तोही इथेच दात बघतो, पण आता स्वतःचा दवाखाना काढतोय. माझे पेशंट पळवून मागचं सगळं पुसलं असेल."

डॉक्टरीणबाई दोघांना आपल्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलावर त्यांचा स्वतःचा लॅपटॉप चालू होता. त्याच्यावर बाहेरच्या कॉम्प्युटरच्याच कंपनीचं चिन्ह होतं. टेबलाखाली विटेएवढा काळा ठोकळा होता. त्यालाच अडखळून जावईबापू जवळजवळ पेशंटच्या खुर्चीत आडवे झाले.

"सावकाश," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या उजवा खांदा चोळत होत्या. "आज पिशवी का एवढी जड लागली कोण जाणे. खांदा भरून आलाय."

हातमोजे काढत भाऊ आत आला. त्याला राग लपवता येत नव्हता.

"मी लहान मुलांचे दात बघणार आहे. ताईचे कवळीवाले आजोबा पळवून काय करू?"

"काल शेवटी इथे कोण होतं?"

"ताई आणि मी. हिच्या खोलीतलं सॉकेट बिघडलं होतं, आज सकाळी दुरुस्त झालं. म्हणून अक्का गेल्यावर ही लॅपटॉप घेऊन काउंटरवर बसली. भाची खेळताना पडल्याचा फोन आला, तशी सगळं पिशवीत कोंबून पळाली. काउंटरखाली एक वायर लोंबत होती. ती मी कॉम्प्युटरला खोचली आणि कुलूप लावलं."

अक्का घरी गेल्याच नव्हत्या. समोरच्या बसथांब्यावर बसल्या होत्या. बस आली, थांबली, गेली. त्या उठल्या नाहीत.

"घरी नाही गेलात?" घारूताई शेजारी बसल्या.

"इतक्या लवकर कशी आलीस, असं विचारतील. काय सांगू?"

"चहाचं काय झालं?"

"सांडला. टेबलाच्या कडेला. लगेच पुसला. त्यानंतर सुट्टी होईपर्यंत त्याच कॉम्प्युटरवर काम केलं आणि बंद करून गेले." त्या हातातल्या रुमालाची घडी उलगडत आणि घालत होत्या. "पण ताई, आता मलाच वाटायला लागलंय, माझंच काहीतरी चुकलं असेल. एवढ्या मोठ्यांदा बोलल्या त्या."

रस्ता ओलांडताना जावईबापू फुरफुरले. "भाऊच, आई! वायरीला हात लावल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगितलं!"

"त्यानेच तर कोडं सुटलं. आता असं करा, मघाशी ज्याला अडखळलात तो ठोकळा घेऊन या."

घारूताईंनी काउंटरखालचा छोटा चार्जर काढला, तो ठोकळा लावला आणि बटण दाबलं. पंखा फिरला, फिरतच राहिला. पडदा उजळला. बाकांवर हलकी कुजबुज झाली.

घारूताई बहीणभावाकडे वळल्या.

"चहाने बिघडला असता, तर अक्कांनी त्यानंतर त्याच्यावर काम कसं केलं असतं? आणि आतलं पुसून टाकलं असतं, तरी दिवा आणि पंखा असे क्षणात विझले नसते. वीज पोचत होती, पण पुरत नव्हती. हत्तीला वाटीभर भात. तेव्हा प्रश्न एवढाच, की त्याचं ताट कुणी उचललं?"

"कुणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकाच कंपनीचे दोन चार्जर काल या काउंटरखाली होते. पिना सारख्या, ताकद वेगळी. घाईत कुणीतरी दोन्हींच्या पिना उपसल्या आणि मोठा पिशवीत टाकला. मागे राहिलेला छोटा तुमच्या भावाने भाबडेपणाने कॉम्प्युटरला खोचला. मोठ्यावर लॅपटॉप बिनतक्रार चालतो, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. फक्त पिशवी जड झाली."

डॉक्टरीणबाईंचा खांद्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. चेहरा कानांपर्यंत तापला. भावाकडे बघायचा त्यांना धीर होईना. त्याने नुसतं खाली बघितलं, तेच त्यांना जास्त झोंबलं.

त्या पांढऱ्या कोटावरच रस्ता ओलांडून थांब्यावर गेल्या.

"अक्का, चूक माझी होती. चार्जर मीच नेला होता. मला—"

अक्का उठल्या. "इथे नको, मॅडम. आत बोलला होतात. आतच बोला."

बाकांवर सकाळचे बरेच जण अजून होते. डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. रोज दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या त्या, पण त्यांचंच तोंड उघडेना.

"सकाळी मी अक्कांना तुमच्यासमोर नको ते बोलले," अखेर त्या म्हणाल्या. "त्यांनी काही बिघडवलं नव्हतं. घोटाळा मी केला होता. अक्का, मला माफ करा."

एक म्हातारे गृहस्थ उगाच छताकडे बघू लागले.

डॉक्टरीणबाई वाट बघत उभ्या राहिल्या. 'असू द्या' एवढे दोन शब्द आले असते, तर त्यांना आत जाता आलं असतं.

अक्कांनी खुर्ची पुढे ओढली, पडद्यावर नजर टाकली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "पुढचे कोण आहेत? चला आत."

'असू द्या' त्या म्हणाल्या नाहीत.